‘जमिनीचं काही असेल तर वकिलाशी बोला’

ताई, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. थोडक्यात असा: तुमच्या माहेरचे पणजोबा 1905 च्या सुमारास रत्नागिरी जिल्ह्यातलं गाव सोडून इंदूरला होळकर सरकारच्या नोकरीत गेले आणि गावाशी संबंध तुटला. तुमच्या हातात आडनाव, गोत्र, कुलदैवत आणि पणजोबांच्या वडिलांचं, गणेश हे ऐकीव नाव, एवढंच आहे. फेसबुकवरून आणि एका जुन्या नाव-पत्त्यांच्या पुस्तकातून त्याच आडनावाचे 42 जण शोधलेत, सगळ्यांना व्हॉट्सॲपवर एकच निरोप धाडलात आणि उत्तरं आली तीन. एकाने हात जोडल्याचं चित्र पाठवलं. दुसऱ्याने ‘माहिती नाही’ म्हटलं. तिसरे गृहस्थ म्हणाले, ‘जमिनीचं काही असेल तर वकिलाशी बोला, मला परत मेसेज करू नका.’ आता तुम्ही विचारताय की मजकूर कसा लिहायला हवा होता.

मजकुराकडे येतोच. पण दोष मजकुराचा कमी आहे. तुम्ही विचारलंत, ‘आपण एकाच घराण्यातले आहोत का?’ आणि समोरच्याला ऐकू आलं, ‘वाटणीत मी आहे का?’ हे ऐकू येणं कसं थांबवायचं, तो खरा प्रश्न.

मी बँकेतून निवृत्त झाल्यावर आमच्या घराण्याच्या कुलवृत्तांताच्या (घराण्याची वंशावळ आणि माहिती छापलेलं पुस्तक) नव्या आवृत्तीला हात घातला, आणि नंतर ओळखीपाळखीच्यांच्या वंशावळी जुळवत बसलो. पहिल्या वर्षी मी तुमच्यापेक्षा मोठा गाढवपणा केला. बत्तीस प्रश्नांचा छापील फॉर्म तयार केला: जन्मतारीख, जन्मवेळ, शिक्षण, पत्नीचं माहेर, मालमत्ता (हो, मालमत्तासुद्धा! कोणाच्या डोक्यातून आलं होतं देव जाणे) आणि सगळ्या आडनावबंधूंना पाठवून दिला. भरून आले ते हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. एका गृहस्थांनी मालमत्तेच्या रकान्यात ‘तुम्हाला का सांगू?’ असं सुवाच्य अक्षरात लिहून परत पाठवला. त्यांचं बरोबर होतं.

लोक का बिचकतात ते समजून घ्या. आपल्याकडे भाऊबंद हा शब्दच भांडणाच्या आठवणी घेऊन येतो. कोकणात सातबाऱ्यावर तीन-तीन पिढ्यांपूर्वीची नावं अजून तशीच असतात. घर दुरुस्त करायचं, कलमं विकायची, तर कुठल्या कुठल्या चुलतभावाची सही लागते. 2005 साली हिंदू वारसा कायदा बदलला आणि वडिलोपार्जित मालमत्तेत मुलींचाही जन्मतः हक्क आला. तेव्हापासून गावाकडून बहिणीला, आत्याला फोन जातो तो बऱ्याचदा हक्कसोड पत्रावर सही करायला या म्हणून. त्यात 2023 पासून जातीच्या दाखल्यासाठी जुन्या कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला आणि घरोघरी वंशावळी काढल्या जाऊ लागल्या. त्यामुळे ‘वंशावळ’ म्हटलं की लगेच ‘दाखल्यासाठी का?’ असं येतं. वर जन्मतारीख आणि आईचं माहेरचं आडनाव विचारलंत तर बँकेतून पैसे काढायला बसलेला कोणी भामटा आहे, अशीही शंका येते. मी बँकेत होतो, मलाही आली असती.

आणि तुमच्या बाबतीत आणखी एक गोम आहे. निरोप तुम्ही सासरच्या नावाने पाठवलात. ज्यांना लिहिलंत त्यांच्या आडनावाशी ते नाव जुळत नाही. म्हणजे परक्या आडनावाची बाई आमचं घराणं का उकरतेय, हा पहिला प्रश्न. आणि माहेरवाशीण निघाली, तर हिला हिस्सा हवा असणार, हा दुसरा. तेव्हा पत्र माहेरच्या पूर्ण नावाने, वडिलांच्या नावासकट लिहा आणि कंसात सासरचं नाव द्या. सख्खा किंवा चुलतभाऊ असेल तर त्याचीही सही घ्या. हे मला आवडतं असं नाही. पण पत्राला उत्तर हवं असेल तर वाचणाऱ्याच्या डोक्यात काय येणार ते धरून लिहावं लागतं.

लिहिण्याआधी घरातच एक गोष्ट तपासा. पणजोबांचं किंवा त्यांच्या वडिलांचं नाव गावच्या एखाद्या सातबाऱ्यावर अजून आहे का? बऱ्याच जमिनी कूळकायद्यात कसणाऱ्या कुळांकडे गेल्या, त्यामुळे बहुधा नसेल. पण असेल, आणि तुमच्या घरातल्या कोणाच्या मनात त्याबद्दल काही असेल, तर ‘जमिनीशी संबंध नाही’ असं पत्रात लिहू नका. ते खोटं ठरलं की पुढच्या पिढीतही कोणी दार उघडणार नाही. तो विषय वेगळा, त्याचा सल्ला वकिलाकडे. उलट काही नसेल तर तसं एका वाक्यात स्वच्छ लिहा. भावनेच्या भरात ‘आम्ही सर्वांनी सर्व हक्क सोडले आहेत’ वगैरे भाषा नको. घरातल्या इतरांच्या वतीने असं लिहून द्यायचा तुम्हाला अधिकारही नाही.

आता त्या 42 जणांकडे. एवढ्या सगळ्यांना लिहायची गरजच नव्हती. तुमचं आडनाव ‘कर’चं आहे (इथे मुद्दाम लिहीत नाही). ‘कर’चं आडनाव एकाच कुळाचं असेल याची काही खात्री नाही. एका गावातून निघालेले ब्राह्मण, मराठे, सोनार, गुरव सगळे त्याच गावाचे ‘कर’ होऊ शकतात. आणि खुद्द गावात राहणाऱ्याला गावाच्या नावाने कोण हाक मारणार? हे नाव पुष्कळदा गाव सोडल्यावर चिकटतं. म्हणजे मागे राहिलेली तुमची माणसं आज वेगळ्याच आडनावाने नांदत असू शकतात. श्रीवर्धनच्या भटांचे पेशवे झाले, भानूंचे फडणवीस झाले. साध्या घरांतही हेच झालं, फक्त कोणी लिहून ठेवलं नाही. म्हणून आडनावाच्या आधी कुलदैवत आणि गोत्र बघायचं (ज्या समाजात देवक महत्त्वाचं, तिथे देवक). आडनाव एक पण कुलदैवत वेगळं, अशी माणसं यादीत खाली ढकला. आडनाव वेगळं पण गाव, गोत्र, कुलदैवत तिन्ही तेच, ती वर घ्या. आडनाव कुलकर्णी किंवा देशपांडे असतं तर मी म्हटलं असतं की आडनाव विसराच, तो हुद्दा आहे; फक्त गाव धरा.

गावाचीही खात्री करून घ्या. 1981 पर्यंत सिंधुदुर्ग हा रत्नागिरी जिल्ह्याचाच भाग होता, त्यामुळे जुन्या कागदावरचं ‘जि. रत्नागिरी’ आज कुडाळ किंवा मालवणकडेही निघू शकतं. एकाच नावाची दोन-दोन गावं असतात, बुद्रुक आणि खुर्द तर शेजारीशेजारी, पुण्याच्या वडगावसारखी. पत्त्यात वाडी चुकली तर पत्र भलत्याच घरी जातं. मात्र कोकणातला पोस्टमन हा या कामातला बिनपगारी संशोधक असतो. ‘हे ते नव्हेत, ते वरच्या आळीतले’ असं सांगून पत्र योग्य दारी पोचवणारे पोस्टमन मी पाहिलेत.

तुमच्या आडनावाचा कुलवृत्तांत निघालाय का, तेही बघा. पुण्या-मुंबईच्या जुन्या ग्रंथालयांत ही जाडजूड पुस्तकं धूळ खात असतात. असलाच तर वंशवृक्षात थेट नाव शोधत बसण्याआधी शेवटची पानं उघडा, जिथे ‘संबंध न लागलेली घराणी’ असतात. आणि वृक्षात ‘पुढील माहिती मिळत नाही’ असा शेरा कोणत्या नावापुढे आहे ते पाहा. तुमचे पणजोबा त्या शेऱ्यात बसलेले असायची शक्यता बरीच आहे. एक सावधगिरी: पहिल्या आवृत्त्यांत मुलींची नावं बहुधा गाळलेली असतात किंवा ‘कन्या 3’ एवढ्यावर भागवलेलं असतं. तिथे नाव नाही म्हणजे माणूस नव्हतं असं नाही.

असं चाळून झालं की तुमच्याकडे 42 ऐवजी पाच-सात नावं उरतील. त्यांना पोस्टाने पत्र लिहा, हाताने. व्हॉट्सॲपचा निरोप दुपारच्या शुभेच्छांबरोबर वाहून जातो; पत्र टेबलावर पडून राहतं आणि घरात येणारा प्रत्येकजण ते उचलून बघतो. वेळ साधा: गणपतीच्या आधी पंधरा दिवस. गणपतीत मुंबई-ठाण्याहून सगळे घरी आलेले असतात, जेवणं झाल्यावर पत्र मोठ्याने वाचलं जातं आणि कोणीतरी म्हातारं माणूस म्हणतं, ‘थांब, हे नाव ऐकलंय.’ पाकिटावर कर्त्या पुरुषाचं नाव घाला, पण उत्तर देणारी व्यक्ती बहुतेक वेळा घरातली सगळ्यात जुनी सून असते, हे मनात धरा. ती लग्न होऊन आली तेव्हा तिला प्रत्येक नातं मुद्दाम शिकून घ्यावं लागलं होतं. घरच्या मुलाला ते ऐकून ऐकून दिसेनासं झालेलं असतं.

पत्र असं असावं:

‘स. न. वि. वि. मी माहेरची (पूर्ण नाव), राहणार इंदूर. माझे वडील अमुक, आजोबा अमुक, पणजोबा अमुक. पणजोबा 1905 च्या सुमारास आपल्या गावाहून इंदुरास नोकरीसाठी आले. गोत्र व कुलदैवत अमुक. पणजोबांच्या वडिलांचे नाव गणेश होते असे आमच्याकडे सांगतात, पण त्याला कागद नाही. आमच्याकडच्या माणसांची वंशावळ सोबत जोडली आहे. वरची बाजू कोरी आहे. जमीन, घर किंवा कोणताही दाखला यांच्याशी या पत्राचा संबंध नाही. एकच विचारायचे आहे: आपल्या घरी “इंदूरला गेलेले” असा कोणाचा उल्लेख आपण ऐकला आहे का? नसल्यास तसे कळवलेत तरी माझे एक काम होईल. सोबत माझा पत्ता लिहिलेले कार्ड ठेवले आहे.’

एवढंच. एका पानात. यात आधी तुम्ही देताय, मग मागताय. तुमच्या चार पिढ्या समोर ठेवल्यात म्हणजे तुम्ही लपवत नाही हे दिसतं. जोडलेल्या कागदावर जिवंत माणसांच्या जन्मतारखा घालू नका, नावं पुरेत. वंशावळीची कोरी जागा फार कामाची असते. कोरी जागा आणि चुकीचं नाव, या दोन गोष्टी पाहिल्या की म्हाताऱ्या माणसाचा हात आपोआप पेनाकडे जातो. (मुद्दाम चूक मात्र घालू नका. मी एकदा घातली होती. ती चूक आता तीन घरांच्या वंशावळीत पक्की बसली आहे.) प्रश्न एकच आहे, आणि त्याचं उत्तर ‘नाही’ असलं तरी चालतं. पन्नास पैशांचं पोस्टकार्ड पत्ता घालून आत ठेवलंत की उत्तराचं अर्धं काम तुम्हीच केलेलं असतं.

‘नाही’ची किंमत मला एका कार्डाने शिकवली. मी असंच एका ओळखीच्यांसाठी संगमेश्वर तालुक्यात एका घरी लिहिलं होतं. महिन्याने कार्ड आलं, निळ्या शाईत, ओळी उजवीकडे उतरत गेलेल्या. एका आजींनी लिहिलं होतं: ‘आम्ही ते नव्हेत. परंतु सासूबाई सांगत की वरच्या आळीतले दोघे भाऊ प्लेगाच्या साली घाटावर गेले, त्यातला एक परत आला. परत आला त्याचा नातू डोंबिवलीस असतो. पत्ता ठाऊक नाही. गणपतीस येतो.’ सगळा धागा त्या शेवटच्या दोन शब्दांत होता. आम्ही गणपतीत तिथे गेलो आणि तो नातू भेटला. आता ‘प्लेगाचं साल’ म्हणजे कुठलं, हा वेगळा घोळ. मुंबईत प्लेग 1896 मध्ये आला आणि पुढे कित्येक वर्षं फिरून फिरून येत राहिला. 1918 ची साथ वेगळी, ती इन्फ्लुएंझाची. म्हाताऱ्या माणसांच्या बोलण्यात त्या सगळ्या एकात एक मिसळलेल्या असतात. अशा सालावर कधी तारीख बांधू नका.

उत्तर आलं आणि ओळख जमतेय असं वाटलं की दुसऱ्या पत्रात, किंवा आता फोनवर, दोन गोष्टी विचारा. या मला कुठल्या पुस्तकात मिळाल्या नाहीत. पहिली: ‘तुमच्याकडे कोणाकोणाचं सुतक धरतात?’ सात पिढ्यांच्या आतल्या भाऊबंदांचं दहा दिवसांचं, त्यापलीकडे चौदाव्या पिढीपर्यंत तीन दिवसांचं, अशी जुनी रीत. आज कोणी पाळो न पाळो, ‘त्यांचं आम्हाला दहा दिवसांचं’, ‘त्यांचं तीनच’, ‘त्यांचं सुतक तुटलं’ हे घरातल्या जुन्या माणसाला पाठ असतं. ज्याला वंशावळ सांगता येत नाही, तोही हे सांगतो, आणि त्यावरून फांदी किती वर फुटली त्याचा अंदाज येतो. दुसरी: महालयाच्या श्राद्धाची नावांची चिठ्ठी. पितृपक्षात गुरुजींना वाचायला द्यायची ती. त्यात बाप-आजा-पणजा, आई-आजी-पणजी, आईकडचे तिघे, मग काका, आत्या, मावश्या, सासरे, सगळे ओळीने असतात. बऱ्याच घरी ती पंचांगात घडी घालून ठेवलेली असते आणि आपल्याकडे ‘वंशावळीचा काही कागद नाही’ असं तेच घर मनापासून सांगत असतं. चिठ्ठी मागून घेऊ नका, उजेडात मोबाइलवर फोटो काढून पाठवा म्हणा. मोडीतला कागद निघाला तरी तेच. मूळ कागद त्यांच्या घरातून हलवायचा नाही. मोडी वाचणारे आपण नंतर शोधू.

नावं हातात आली की लगेच जोडून मोकळ्या होऊ नका. आजोबाचं नाव नातवाला ठेवायची आपली चाल या कामातला सगळ्यात मोठा सापळा आहे. गणेश विनायक, विनायक गणेश, पुन्हा गणेश विनायक, आणि सख्ख्या-चुलत प्रत्येक घरात एकेक. तुमचे पणजोबा 1905 मध्ये नोकरीला लागले, म्हणजे वीस-बावीसचे धरले तर जन्म 1883 च्या आगेमागे; त्यांचे वडील गणेश 1850 ते 1860 च्या दरम्यानचे हवेत. समोरच्या वंशावळीतला गणेश 1870 चा असेल तर तो तुमचा गणेश नाही, कदाचित त्याचा पुतण्या असेल. पूर्ण नाव लिहिण्याच्या आपल्या पद्धतीत प्रत्येक नावात दोन पिढ्या मिळतात. त्याचा फायदा घ्या, नुसत्या पहिल्या नावावर विसंबू नका. आणि दोन घरांनी एकच गोष्ट सांगितली म्हणजे ती दोनदा सिद्ध झाली असं समजण्याआधी विचारा की एकाने दुसऱ्याचं ऐकून तर सांगितलं नाही ना. माझ्या वहीत प्रत्येक नावापुढे ‘ऐ.’ किंवा ‘का.’ लिहिलेलं असतं: ऐकीव की कागदावरचं, आणि कोणी कधी सांगितलं. एकदा दुवा पक्का झाला की नाशिक-त्र्यंबकच्या तीर्थोपाध्यायांकडे (यात्रेला आलेल्या घराण्यांच्या नोंदवह्या ठेवणारे उपाध्ये) जा, तिथे गावावरून वही निघते आणि नशीब असेल तर पूर्वजाच्या हातची ओळ वाचायला मिळते. पण ते नंतर. गाव पक्कं नसताना गेलात तर हात हलवत परत याल.

काही घरं उत्तर देणारच नाहीत. पुण्यात 1961 च्या पानशेतच्या पुरात कागद गेले, सातारा-सांगली-कोल्हापूरकडे 1948 च्या जाळपोळीत गेले, कोयनेच्या धरणात गावंच गेली. अशा घरी ‘कागद कसे सांभाळले नाहीत?’ असा सूर चुकूनही लागू देऊ नका. काही ठिकाणी दत्तक असतं, दुसरं लग्न असतं, घरातून निघून गेलेलं कोणी असतं. हे त्यांनी आपणहून सांगितलं तरच ऐकायचं, आणि सांगितलं तरी त्यांना विचारल्याशिवाय कागदावर घालायचं नाही.

राहता राहिले ते वकिलाशी बोला म्हणणारे. त्यांना परत लिहू नका, माफी मागायलासुद्धा. त्यांनी नको म्हटलंय, तिथे विषय संपला. पण त्यांच्या उत्तराकडे नीट बघा. ज्याला जमिनीची भीती वाटते त्याच्याकडे जमीन आहे, म्हणजे बहुधा त्या घराचा पाय अजून गावात आहे. हात जोडल्याचं चित्र पाठवणाऱ्यापेक्षा त्यांनी तुम्हाला जास्त सांगितलं. ते कुठल्या गावचे, कुलदैवत कोणतं, हे त्यांच्या फेसबुकच्या पानावर उघड दिसत असेल तर टिपून ठेवा, आणि त्याच गावच्या दुसऱ्या घराला पत्र घाला.

माझ्याकडेही असेच एक गृहस्थ होते. पहिल्या वर्षी फोनवर तोडून बोलले, मी नाद सोडला. बाकीची घरं जुळत गेली आणि वंशावळीचा कागद गणपतीत या घरातून त्या घरात फिरला. दोन वर्षांनी एका सकाळी त्यांचा फोन आला, आवाजात तोच राग: ‘तुमच्या त्या कागदावर आमच्या आजोबांना धाकटे दाखवलंय. ते थोरले होते. लिहून घ्या.’ मी वही ओढली. ते तासभर सांगत होते.